सकाळचे पाय

थंडी उतरली तशी त्याच्या पायांनी पुन्हा हट्ट धरला. रात्रभर गुडघे हळूहळू पोटाकडे सरकत जायचे आणि उजाडेपर्यंत तिथेच लाकूड होऊन बसायचे. बायको उठायची ती आधी चुलीपाशी जायची. तव्यावर वाळू परतायची, जुन्या फडक्यात बांधायची, आणि ती पुरचुंडी स्वतःच्या गालाला लावून बघायची. तिच्या गालाला सोसली तरच त्याच्या पायाला लावायची, कारण भाजलेलं त्याच्या पायांना समजत नसे. दुखलेलं मात्र सगळं समजायचं.

मग घोट्यापासून वर. तळवा, टाच, पोटरी, गुडघ्यामागची खोबण. तिथे जोर करून चालत नसे. जोर केला की पाय आणखी आवळायचा, पायाला राग आल्यासारखा. ती नुसती धरून बसायची, कुणाच्या बंद दारापुढे उभं राहावं तशी. आणि तोंडानं काहीतरी चालू असायचं,

सूट रे पाया, सूट थोडा,
अंगणापुरता हो रे घोडा.

हे तिचं तिनेच जोडलेलं. तो डोळे मिटून ऐकायचा. बाहेर दूधवाला येऊन जायचा, शेजारच्या घरी भांडी घासून व्हायची, ऊन भिंतीवरून जमिनीवर उतरायचं, तेव्हा कुठे एक पाय सरळ व्हायचा. मग दुसरा. दोन्ही सुटले की भिंतीला धरून तो उभा राहायचा आणि परसापर्यंत जाऊन यायचा. तेवढंच. पुढे दिवसभर बसून राहायचं.

तो दोरवाला. जन्मभर कमरेला वाख, घायपाताचे तंतू, गुंडाळून, बोटांतून धागा सोडत, चाकापासून मागे मागे चालत आला. गावानं त्याचं नाव उलट्या ठेवलं होतं, आणि त्याला ते आवडायचं. पुढे बघून चालणाऱ्यांना ठेचा लागतात, मला कधी लागली नाही, असं तो म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी गिरणीच्या छपरावर तुळई चढवायला त्याला बोलावलं. दोर त्याचाच होता, तो तुटला नाही. तुळई सरकली. तुळईबरोबर तो खाली आला आणि कंबर दगडावर बसली. तेव्हापासून बायको वाख बांधून मागे चालते आणि तो पाटावर बसून चाक फिरवतो. आता उलटी वहिनीच झाली, असं गाव म्हणतं. ती हसते. पण एकट्या तिच्या पायांनी दोर फार वळला जात नाही, आणि बाजारात आता प्लॅस्टिकच्या दोरीची भेंडोळी टांगलेली असतात.

म्हणून पेन्शनचा अर्ज केला होता, अपंगत्वाचा. उन्हाळ्यात तपासणी झाली आणि अर्ज फेटाळला गेला. तो कसा फेटाळला गेला हे ज्याला त्याला सांगताना तिची मान खाली जायची.

तपासणीच्या दिवशी ती रोजच्याहून कितीतरी आधी उठली होती. नवऱ्याला मोठ्या डॉक्टरपुढे न्यायचं म्हणजे माणूस धड दिसायला हवा. पाहुण्यांपुढे घर झाडून काढावं तसे तिनं त्याचे पाय झाडून काढले. दोनदा शेकले, तेल लावलं, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. उन्हाळ्यात पाय तसेही जरा ऐकायचे. डॉक्टर खोलीत आले आणि तो उठून उभा राहिला. मोठं माणूस आलं की उठायचं, ही त्याच्या अंगाची सवय. डॉक्टर म्हणाले, वा, जरा चालून दाखवा. तो चालला. येताना टेम्पोतच पाय गेले, आणि पुढचे कितीतरी दिवस त्याला बसताही येईना. घरी कागद आला तो असा, उभा राहू शकतो, चालू शकतो, बैठं काम करू शकतो, सबब अपात्र.

कचेरीच्या जिन्याखाली एक बाई टाइपरायटर घेऊन बसायच्या. कोर्टातून निवृत्त झालेल्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. सगळे त्यांना अर्जवाल्या बाई म्हणत. हकीकत ऐकून त्या आधी पोट धरून हसल्या, मग चष्मा पुसत राहिल्या.

"नवरदेव करून नेलंस की," त्या म्हणाल्या. "अगं, तिथे दुखणं दाखवायचं असतं. तू बरेपणा दाखवून आलीस."

त्यांनी अपील लिहून दिलं. तारीख लागली. तारखेच्या दिवशी पायांना हात लावायचा नाही, उठलेत तसेच उचलून आणायचे, असं त्यांनी बजावलं. आणि आवाज खाली करून आणखी एक सांगितलं. समिती कडक आहे. सोंग करतोय असा त्यांना नुसता वास आला तरी तसा शेरा पडतो, आणि शेरा पडला की ते दार पुन्हा उघडत नाही.

ती घरी आली ती हा शेरा पोटात घेऊन. शेरा कसा असतो हे तिला माहीत नव्हतं. तिला तो डासासारखा वाटायचा, दिसत नाही पण कानापाशी असतो.

त्याच आठवड्यात मुकादम येऊन गेला. गावातली टोळी दरवर्षी कोरड्या दिवसांत लांबच्या वीटभट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडाशी परत येते. यंदा तिचंही नाव घेतलं होतं. दुसरं करणार काय. पेन्शन लागली तर राहीन, नाही लागली तर येईन, असं तिनं त्याला सांगून ठेवलं होतं. मुकादम वाईट माणूस नव्हता. तो अंगणात उभा राहिला, पाटावर बसलेल्या दोरवाल्याकडे बघणं त्यानं टाळलं, आणि तारखेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक निघेल तेवढं सांगितलं.

ट्रक निघाला तर मागे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. लेक सासरी, अंगावर पिणारं पोर. शेजारीण भाकरी सरकवेल, दुपारी. पण सकाळ? सकाळी पोटाशी घट्ट आवळलेले पाय कोण सोडवणार?

मागे लेकीच्या बाळंतपणाला ती दोन दिवस गेली होती. शेजारणीनं दार लोटलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तो कुशीवर घडी होऊन पडला होता. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर होता आणि हात तिथवर जात नव्हता. गोधडीचा कोपरा त्यानं दातांनी फाडला होता.  तेव्हापासून ती पाणी आणायला बाहेर पडली तरी आतून हाक यायची, "अगं, आहेस का?" आणि विहिरीवरून, लांबून, ती ओ द्यायची.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी दोघं दोर वळत होती. ती अंगणाच्या टोकापर्यंत मागे गेली होती आणि तो चाक फिरवत होता. मधे ताणलेला पीळ थरथरत होता. चाक थांबलं.

"म्हणजे उद्या सोंग करायचं," तो म्हणाला.

तिनं धागा सैल होऊ दिला नाही. तिथूनच म्हणाली, "सोंग मागच्या वेळी केलं. मी करवलं."

"पण पाय सुटतात की. सुटतात ना?"

"सुटतात."

"मग खरे पाय कुठले? सकाळचे की नंतरचे?"

 तिनं त्याला चाक फिरवायला सांगितलं. त्यानं फिरवलं.

सकाळी तिला जाग आली आणि हात आपोआप तव्याकडे गेला. मग आठवलं. तवा परत ठेवला तर त्याचा आवाज झाला, आणि बघते तर तो जागाच होता, तिच्याकडे बघत.  तिनं फक्त त्याचं तोंड पुसलं. दाढी तशीच ठेवली. एवढं साधं काम न करण्यात तिची सगळी सकाळ गेली.

टेम्पोवाला चुलतदीर आला. दादाला पोत्यासारखं उचलू की पाहुण्यासारखं, असं त्यानं विचारलं, आणि कुणी हसलं नाही तेव्हा दोन्ही हात खाली घालून, तान्ह्या मुलाला घ्यावं तसं घडी केलेलं अंग उचललं. टेम्पोत कोबीचा वास होता. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्याच्या नाकातून श्वास फुटायचा. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पायांकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

कचेरीतला बोळ लांब आणि गार होता. भिंतीला लाकडी बाकं. चुलतदिरानं त्याला बाकावर ठेवलं आणि तो गाडी लावायला गेला. समोर कुबड्या घेतलेली एक म्हातारी होती, तिच्या पलीकडे डोळ्यांना पट्टी बांधलेला माणूस. आतून एकेकाला हाक यायची, आणि प्रत्येक हाकेला सगळा बोळ माना वर करायचा.

मग पेटके आले. आधी डाव्या पोटरीत, दोर वळावा तसा पीळ खाली उतरला, मग उजव्या. त्याचे ओठ पांढरे झाले.

"अगं," तो म्हणाला. "नुसता हात ठेव."

ती स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसली होती.

"चोळू नको. ठेव नुसता."

तिनं मान हलवली. बोलली असती तर हात निघाले असते. समोरची म्हातारी केव्हाची बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"काय बाई आहेस," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नवरा तडफडतोय आणि ही राणीसारखी बसलीय. चोळ की जरा."

बोळातल्या सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पट्टीवाल्यानंसुद्धा मान वळवली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण हात मांडीखालीच राहिले. बाकाच्या फळीची धार बोटांत रुतत होती, ती तिनं रुतू दिली. जरा वेळानं त्याच्या पायजम्यावर ओल पसरली. त्याला ते समजलं नव्हतं. तिनं पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

हाक आली.

आत तीन खुर्च्या होत्या. मधे अध्यक्ष बाई, केस पांढरे, हातात थर्मासचं झाकण. एका बाजूला लिहिणारा कारकून. दुसऱ्या बाजूला डॉक्टर, उन्हाळ्यातले नव्हेत, दुसरेच, तरुण. तपासायच्या गादीवर त्याला ठेवलं. डॉक्टरांनी गुडघ्याला हात घालून पाय सरळ करायला जोर लावला आणि पाय छातीला भिडला. तो ओरडला नाही. गादीची कड त्यानं मुठीत धरली.

डॉक्टरांनी जुना कागद वाचला. मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"उन्हाळ्यात चालत होतात," ते म्हणाले. "आता ही घडी. मधे काय झालं? पडलात?"

तो म्हणाला, नाही. आणखी कुठला आजार? नाही. मग? त्यानं बायकोकडे पाहिलं. कारकून कागदावरून मान न उचलता हळूच म्हणाला की काही लोक अपिलाला तयारी करून येतात, साहेब. हे काही रागानं म्हटलेलं नव्हतं. पाऊस येईल असं म्हणावं तसं त्यानं म्हटलं. पण तिच्या कानापाशी ते भुणभुणणं आलं, अगदी स्पष्ट.

अध्यक्ष बाईंनी तिला विचारलं, "घरी काय करता तुम्ही यांना?"

खरं सांगितलं तरी बुडणार आणि लपवलं तरी. सांगावं, तर आज मुद्दाम तसंच आणलं हे आलं. न सांगावं, तर उन्हाळ्यातलं चालणं उरलं.  तरी तिनं सांगितलं. वाळू, पुरचुंडी, गालाला लावून बघणं, धरून बसणं, पहिला पाय, दुसरा पाय, परसापर्यंतची चाल. त्या दिवशी का केलं आणि आज का केलं नाही, तेही सांगितलं. अर्जवाल्या बाईंचं नाव मात्र घेतलं नाही.

 कारकुनाचं पेन थांबलं होतं.

"मग करा," डॉक्टर म्हणाले. "इथे. आम्हाला बघू द्या."

शिपायानं किटलीतलं गरम पाणी बाटलीत भरून दिलं. तिनं ती फडक्यात गुंडाळली, गालाला लावली, आणि खाली फरशीवर चटई टाकून त्याला तिच्यावर घेतलं. त्याच्या तोंडाशी वाकली तेव्हा तो अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाला, "बेतानं कर."

तिला समजलं. सुटू देऊ नको, असं तो म्हणत होता. सुटले तर उभं राहायला लावतील, उभा राहिलो तर संपलं. आणि ट्रक उद्या दुपारी.

तिनं बेतानं करायचं ठरवलं. पोटरीवर हात वरवर फिरवला. गुडघ्यामागच्या खोबणीतून अंगठा काढून घेतला. पण अंगठा परत तिथेच गेला. पुन्हा काढला, पुन्हा गेला. तिच्या हातांना हे एकाच तऱ्हेनं येत होतं. वाईट कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ती घाबरून हातांकडे बघत राहिली. ते आपले घोट्यापासून वर, घोट्यापासून वर चालले होते, आणि तोंडात तिच्या नकळत घोडा आला होता, अंगणापुरता.

समितीनं आधी पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. मग अध्यक्ष बाई म्हणाल्या की पुढचा घ्या तोवर. पट्टीवाला आला आणि गेला. कुबड्यांची म्हातारी आली. तिनं फरशीवर बसलेली ही बाई पाहिली आणि तिची बोलती बंद झाली. चहा आला, कप रिकामे झाले. खिडकीचं ऊन चटईवरून सरकून भिंतीला लागलं. पहिला पाय सुटला होता. तिच्या कपाळावरचा घाम त्याच्या गुडघ्यावर पडत होता. दुसऱ्याला लागताना तिला जेवणाची वेळ टळून गेल्याचं समजलं, आणि हेही, की तरुण डॉक्टर मघापासून कुठेच गेलेले नाहीत.

दुसराही सुटला.

"उठा आता," डॉक्टर म्हणाले.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर खाली घेतली. मग टेबलाची कड धरून तो उठला, सरळ, पूर्ण उंचीनं. दोन पावलं टाकली. कारकुनानं लिहिलं. पेनाचा कागदावरचा आवाज तिला ऐकू आला. झालं, तिला वाटलं. उद्या दुपारी. सकाळी पाणी भरून ठेवीन, भाकरी हाताशी, तांब्या आणखी जवळ.

पण डॉक्टर त्याला बसा म्हणाले नाहीत. ते टेबलाला टेकून उभे राहिले आणि दोर कसा वळतात ते विचारू लागले. वाख कुठून आणता, पीळ किती द्यायचा, मागे चालताना तोल कसा राहतो. दोरवाला सांगू लागला. कामाचं विचारलं की त्याचा आवाज बदलायचा, तसा बदलला. तो सांगत होता आणि त्याच्या घोट्याशी एक बारीक थरथर सुरू झाली. ती पोटरीत चढली. गुडघ्याला लागली. टेबलावरचे कप वाजायला लागले. धागा बोटांतून सारखा सुटला पाहिजे, तो म्हणाला, नाहीतर, आणि पुढचं वाक्य तोंडातच राहून तो खाली गेला.

ती त्याच्याखाली शिरली. दोघं मिळून फरशीवर आदळली. पाय तिच्या डोळ्यांदेखत वळले, पोटाकडे, सकाळपेक्षा घट्ट. यावेळी तो ओरडला. बोळातून कुणीतरी दार किलकिलं करून पाहिलं.

डॉक्टर गुडघ्यांवर बसले. तिच्या बरोबरीनं त्यांनी त्याचं डोकं धरलं. "आता पुन्हा सोडवायला किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"आता नाही सुटत, साहेब," ती म्हणाली. "आता उद्या सकाळी."

अध्यक्ष बाईंनी कारकुनाच्या हातून कागद घेतला. त्यानं लिहिलेलं खोडलं आणि स्वतः लिहायला लागल्या. लिहिता लिहिता त्यांनी सांगितलं की मंजूर आहे, या महिन्यापासून. पण वर्षापुरतं. दरवर्षी तपासणीला यावं लागेल. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की हातांना गुण आहे, सोडू नका, अशा रोजच्या मेहनतीनं कधीकधी मज्जातंतू जागे होतात, पाहिलंय मी. आणि कारकून, ज्याच्या मनात आता काहीच वाकडं नव्हतं, शिक्का मारताना हसून म्हणाला, "बरे झाले तर उत्तमच की. मग बंद करू."

येताना टेम्पोत चुलतदीर गाणं म्हणत होता. नवरा गाढ झोपला होता, तिच्या मांडीवर, तोंड उघडं टाकून. गावाच्या वळणावर मुकादम भेटला, तिनं गाडी थांबवून त्याला नाही म्हणून सांगितलं. त्यानं मान डोलावली, झोपलेल्याकडे या खेपेला नीट पाहिलं, आणि बरं झालं वहिनी म्हणाला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं वाळू परतली. पाय कालच्यानं फार रुसलेले होते. ती घाईत नव्हती. दूधवाला येऊन गेला. ऊन भिंतीवर आलं. डावा तळवा तिच्या मांडीवर होता, आणि तिचे दोन्ही हात वर, पोटरीवर होते.

तेव्हा अंगठा हलला.

तिनं हलवला नव्हता. पेटका तिला ठाऊक होता, पेटक्यात सगळा पाय झटकायचा. हे तसं नव्हतं. एकटा अंगठा, सावकाश, जरासा वर आला आणि खाली गेला, तीन वर्षांत पहिल्यांदा. चालताना तो पाय कमरेतून ओढायचा, बोटं मात्र मेलेलीच असत. अंगठा पुन्हा वर आला. तिनं पटकन त्याच्यावर मूठ मिटली. मुठीत तो ऊबदार होता, आणि हलत होता.

"थांबलीस का?" तो डोळे मिटूनच म्हणाला.

"वाळू गार झाली."

"मग?"

मग बंद करू, कारकून हसून म्हणाला होता. तिनं दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती. खिडकीकडे पाहिलं. बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती, पाठमोरी. तिनं उठून खिडकी ओढून घेतली, आणि अंधारात परत येऊन बसली, आणि पायाला हात लावला.